बिनशिशाचा पेला

भिकाजी पाताडे नोकरी संपवून गावात परत आले, तेव्हा त्यांच्याबद्दल सगळ्यात आधी पसरलेली गोष्ट म्हणजे त्यांचा कान. नांदगावच्या बाजारात कपबश्या घ्यायला गेले की ते प्रत्येक कप दांडीला धरून नखाने टिचकी मारून बघत आणि सहातले दोन बाजूला काढून ठेवत.

"ओ काका, नवे आसत ते," दुकानदार म्हणायचा.

"नवे आसत, पण तडकलेले आसत."

दुकानदाराला तडा दिसायचा नाही. आठवडाभर चहा ओतला की दिसायचा. मग तो स्वतःच नवा माल आला की भिकाजींना हाक मारायला लागला.

मी तेव्हा इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. आमची घरं एकाच वाडीत, मध्ये फक्त काजूची बाग. ते मला 'मास्तरांनू' म्हणत, मी त्यांना भिकाजीकाका म्हणत असे. पुढे जे घडलं त्यातलं बरंचसं माझ्यासमोर घडलं, आणि थोडं माझ्या हातूनही. म्हणून लिहितो आहे.

भिकाजी सतराव्या वर्षी एसटीने मुंबईला गेले आणि ठाण्यापलीकडच्या खाडीकाठच्या एका काचकारखान्यात लागले. तो कारखाना बंद होऊनही आता वीस वर्षं झाली. तिथे साधी काच होत नसे. तिथे क्रिस्टल व्हायचं: मोठ्या हॉटेलांतले नक्षीचे पेले, सुरया, फुलदाण्या. साध्या काचेत वाळू, सोडा आणि चुना असतो. क्रिस्टलमध्ये त्याच्या जोडीला शिसं. शंभर किलोंत चोवीस किलोपर्यंत. शिशाने काच जड होते, झळकते, चाकावर लोण्यासारखी कापली जाते, आणि टिचकी मारली की लहान घंटेसारखी वाजत राहते. हे शिसं भट्टीत जायचं ते शेंदराच्या रूपात. आपण मारुतीला लावतो तसल्याच रंगाची लालभडक पूड. आणि पांढरी वाळू जायची ती आमच्याच तालुक्यातून. भिकाजींना याचं फार कौतुक. "साहेबाच्या हातातलो पेलो म्हणजे आमच्या गावची रेवा," असं ते म्हणत.

ते आधी भट्टीपुढे पेले वाहत. मग फुंकणीवर बसले. लोखंडी नळीच्या टोकाला पातळ काच घ्यायची, फुंकायची, फिरवायची, ती घट्ट व्हायच्या आत तिला आकार द्यायचा. बारा वर्षं हे केल्यावर कोणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाला डोळ्यांपेक्षा कानाने जास्त कळतं. त्यांना तपासणीच्या टेबलावर बसवलं. तयार झालेला प्रत्येक पेला त्यांच्या पुढ्यात यायचा. ते टिचकी मारायचे, डोळे मिटायचे आणि पेला उजवीकडे नाहीतर डावीकडे ठेवायचे. डावीकडचा पेला परत भट्टीत. शेठसुद्धा त्यांच्या निर्णयात बोलत नसत.

हायस्कुलात सांगण्यासारखी ही गोष्ट होती, म्हणून मी त्यांना दोनदा शाळेत बोलावलंही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. पण धाकट्या भावाबद्दल त्या वेळी ते काही बोलले नाहीत.

धाकटा भाऊ बाळा. सात वर्षांनी लहान. गावात हाताला काम नव्हतं, तेव्हा भिकाजींनीच त्याला कारखान्यात आणलं. भट्टीपुढे उभं राहून अंग भाजून निघतं हे त्यांनी भोगलं होतं. म्हणून साहेबांशी बोलून त्यांनी भावाला मसाल्याच्या खोलीत लावून दिलं. काचेच्या कच्च्या मिश्रणाला कामगार मसाला म्हणत. गारवा असलेली, भट्टीपासून दूरची खोली. फावड्याने वाळू, पोटॅश आणि शेंदूर ढवळायचा, एवढंच काम. "तू आपलो सावलीत रव," असं ते बाळाला म्हणाले होते. तो संध्याकाळी बाहेर पडायचा तेव्हा त्याच्या पापण्यांवरसुद्धा लाल धूळ असायची.

सात-आठ वर्षांनी बाळाच्या पोटात पिळे यायला लागले. मग चेहरा मातकट झाला. मग उजवं मनगट खाली लोंबायला लागलं. पंजा उचलायचा म्हटलं तर उचलेना. दोघे भाऊ चाळीतल्या एकाच खोलीत राहायचे, बायका गावी. रोज सकाळी भिकाजी बाळाच्या शर्टाची बटणं लावून द्यायचे आणि दोघे एकत्र कामाला निघायचे. पुढे सरकारी इस्पितळात रक्त तपासलं तेव्हा त्यात शिसं निघालं. बाळा गावी आला. चार वर्षं पडवीत बसून होता. शेवटी मूत्रपिंडं गेली आणि दोन हजार चार साली, त्रेचाळिसाव्या वर्षी तोही गेला. मागे बायको हौसाबाई आणि बारा वर्षांची मुलगी अनुजा. गावात सगळे म्हणाले, मुंबईचं पाणी बाधलं. भिकाजींनी ते खोडून काढलं नाही. त्याच वर्षी कारखाना बंद पडला आणि तेही परत आले. हौसाबाईंचं घर शाकारण्यापासून अनुजाच्या फीपर्यंत सगळं त्यांनी पाहिलं. पितृपक्षात भावाच्या म्हाळाला दरवर्षी तेच बसायचे.

अनुजा माझी विद्यार्थिनी. दहावीत असताना तिने वडिलांची इस्पितळाची फाइल आणून मला दाखवली आणि एका इंग्रजी शब्दावर बोट ठेवून विचारलं, "सर, ह्याचा अर्थ काय?" मी सांगितलं. शिशाची विषबाधा. पुढे ती रसायनशास्त्र शिकली, काचेवरच डॉक्टरेट केली, आणि आता पुण्याच्या एका संशोधन संस्थेत आहे. तिथे तिच्या गटाचं काम एकच: शिसं न घालता क्रिस्टल करायचं, आणि त्यासाठी कृत्रिम बुद्धिमत्ता वापरायची.

गेल्या वर्षी जानेवारीत ती गावी आली तेव्हा गाडीतून एक लाकडी पेटी उतरवली. आम्ही भिकाजींच्या घरापुढच्या खळ्यात बसलो होतो. मांडवाखाली काजूच्या मोहराचा वास येत होता.

"म्हणजे यंत्र काच करता?" भिकाजींनी विचारलं.

"नाय काका. यंत्र नुसता सांगता. आजवर जगात लोकांनी केलेल्या लाखभर काचांचे आकडे आमी तेका दिले. कशात काय किती घातला, ती किती जड झाली, किती झळकली, किती तापवची लागली. ता सगळा वाचून ता म्हणता, ह्या ह्या मिश्रण करून बघा. माणसाक एकेक करून बघूक शंभर वर्सां लागतली. ता आमका त्यातली चाळीस काढून देता. ती चाळीस आमी छोट्या भट्टीत करतो."

"आणि बरी होतत?"

"चाळिसातली तीन-चार. बाकीची फुकट." ती हसली. "पण फुकट गेलेलीय तेका परत सांगूक लागतत. खंय चुकला ता कळल्याशिवाय ता शिकणा नाय. म्हणान तुमका एक विचारूचा आसा. तुमच्या कारखान्यात कधी बिनशिशाची काच करून बघितली होती?"

भिकाजींनी पानाचा डबा उघडला, बंद केला.

"नाय," ते म्हणाले.

पेटीत चोवीस काचेच्या पट्ट्या होत्या. सगळ्या वीतभर लांब, एकाच जाडीच्या, दोन दोऱ्यांवर टांगायच्या आणि लाकडाच्या छोट्या हातोडीने वाजवायच्या. नाद किती वेळ टिकतो, हे मायक्रोफोन मोजायचा. पण कोणता नाद कानाला क्रिस्टलचा वाटतो, हे कोणीतरी माणसानेच सांगायला हवं होतं. अनुजाच्या ओळखीत तसा माणूस एकच. तिने त्यांना दहापैकी गुण द्यायला सांगितलं आणि मला लेखनिक केलं. पट्ट्यांवरचे नंबर फक्त तिला दिसत होते.

तीन सकाळी हे चाललं. भिकाजींनी धुतलेलं धोतर नेसलं, खुर्ची पूर्वेकडे तोंड करून मांडली. पट्टी वाजली की ते डोळे मिटत, मान किंचित कलती करत, थोडं थांबत आणि म्हणत, "नऊ." किंवा "हीका तीनच घाल." वाडीतले चार लोक कुंपणापाशी उभे राहून बघत होते. कारखान्यातल्या तपासणीच्या टेबलावर ते असेच बसत असतील, असं मला वाटत होतं.

एक गोष्ट मात्र मला ठाऊक होती आणि मी ती सांगितली नाही. दोनेक वर्षांपासून मी भिकाजींशी मोठ्याने बोलत होतो. 'काय म्हणालात?' हे त्यांच्या तोंडी वारंवार येत होतं. काशीबाई, त्यांची बायको, गेल्यापासून घरात बोलणारं कोणी नव्हतं, म्हणून ते इतरांच्या लक्षात आलं नव्हतं. तिसऱ्या सकाळी एक पट्टी दोऱ्यावरून निसटून खाली गवतावर पडली, वाजलीच नाही, आणि भिकाजींनी डोळे मिटलेलेच ठेवून तिला सात गुण दिले. अनुजा वाकून पट्टी उचलत होती. तिने ऐकलं की नाही, कोण जाणे. मी सात लिहिले.

दहा दिवसांनी ती पुन्हा आली. या वेळी पेटी नव्हती. दुपारचे बारा वाजत आले होते. तिने माझ्याकडे बघून म्हटलं, "सर, तुम्हीपण बसा." मग काकांच्या अगदी जवळ खुर्ची ओढून घेतली.

"काका, त्या चोविसात सहा पट्ट्या दोन-दोनदा होत्यो. तपासणी म्हणान आमी तसा करतो. एकाच पट्टीक तुमी सोमवारी नऊ दिल्यात आणि बुधवारी तीन. आणि एक पट्टी साध्या खिडकीच्या काचेची होती. तिका आठ."

भिकाजींचा चेहरा लाल झाला. "माझ्या कानाची परीक्षा घेतलंस तू? तुझो जल्म होऊच्या आदी मी..."

"काका, कानाच्या डॉक्टराक दाखवया. कणकवलीत आसा."

"तुझ्या यंत्राचा चुकला आसात."

अनुजा तशीच त्यांच्याकडे बघत राहिली. त्या मुलीत एक गुण आहे. ती समोरच्याला बोलायला वेळ देते. मग भिकाजींनी खांद्यावरचा पंचा काढून तोंड पुसलं.

"माका ऐकाक येणा नाय," ते म्हणाले. "बारीक आवाज तर मुळीच नाय. चार वर्सां झाली."

"मगे सांगूचा नाय?"

"कसा सांगू? इतक्या वर्सांनी कोण तरी माका विचारूक इला." ते थांबले. "आणि माका नाय म्हणाक जमणा नाय. कोणी विचारला, भिकाजी, सांग, तर माका सांगूचाच लागता. तेव्हाय असाच झाला."

"तेव्हा म्हणजे कधी?"

मी उठायला लागलो. त्यांनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मग त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या भावजयीलासुद्धा, काशीबाईलासुद्धा कधी सांगितलं नव्हतं.

एक्क्याण्णव साली कारखान्यात वागळे नावाचे केमिस्ट होते. परदेशातला कोणी गिऱ्हाईक शिसं नसलेले पेले मागत होता. शिशाच्या काचेत दारू महिनोन्महिने राहिली तर तिच्यात शिसं उतरतं, हे तिकडच्या लोकांना कळलं होतं. वागळ्यांनी दोन वर्षं खपून एक मिश्रण तयार केलं. शेंदराऐवजी जस्त, पोटॅश आणि आणखी काही पांढऱ्या पावडरी. आठवडाभर मसाल्याच्या खोलीत शेंदूर आलाच नाही. बाळा त्या आठवड्यात संध्याकाळी पांढराफटक होऊन बाहेर यायचा आणि सगळे त्याला पीठगिरणीवाला म्हणून चिडवायचे.

शनिवारी बारा पेले तयार झाले. ते भिकाजींच्या टेबलावर मांडले. शेठ उभे, शेजारी वागळे, मागे फुंकणीवरचे सगळे. भिकाजींनी पहिला पेला वाजवला. घंटा वाजावी आणि कोणीतरी तिला हात लावावा, तसा नाद मध्येच थांबला. दुसरा तसाच. बाराही तसेच.

"म्हणालंय, शेठ, ह्या क्रिस्टल नाय. ही चायची गिलासां. सगळी हसली. शेठय हसलो." भिकाजी जमिनीकडे बघत होते. "त्यात खोटा काय नव्हता. नाद नव्हतोच. पण माका तसा बोलाक बरा वाटला."

जेवणाच्या सुट्टीत वागळे त्यांच्यापाशी आले. एवढा शिकलेला माणूस, पण त्यांच्यासमोर जवळजवळ हात जोडून उभा राहिला. म्हणाला, "पाताडे, काच पहिल्याच खेपेला इतकी जमली हेच खूप आहे. मला आणखी चार महिने हवेत. शेठ तुमचं ऐकतात. 'सुधारेल' एवढा एकच शब्द बोला. हा शेंदूर तुमच्या माणसांच्या पोटात जातो आहे, तो चांगला नाही."

"तेणी तसा सांगितल्यानी तुमका?" अनुजाने विचारलं. तिचा आवाज बदलला होता. "शेंदूर वायट म्हणान?"

"होय."

"आणि तुमी?"

"मी म्हणालंय, शेंदूर आमचो देव अंगाक लावता. आणि मी जा ऐकला नाय, ता मी बोलूचंय नाय."

वागळे दोन महिन्यांनी नोकरी सोडून गेले. त्यांचे कागद कुठे गेले, कोणाला माहीत नाही. मसाल्याच्या खोलीत सोमवारपासून पुन्हा शेंदूर आला आणि बाळा पुढची नऊ वर्षं तो ढवळत राहिला.

त्याच वेळी मला जाणवलं की हौसाबाई मागच्या दारात उभ्या आहेत. त्या आम्हाला जेवायला बोलवायला आल्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या ते कळलं नाही. पदराला हात पुसत त्या पुढे आल्या आणि दिराच्या कानाशी वाकून, त्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने, बाळाबद्दल एकच गोष्ट विचारली.

"तेंका म्हायत होता?"

भिकाजींनी मान हलवली. होय.

"त्या शनिवारी सांजेक बाळा खोलीर इलो," ते म्हणाले. "हात धुवन माका विचारल्यान, दादा, ती काच कशी झाली? तेका वाटत होता, ती बरी झाली तर शेंदूर कायमचो जायत. तेका तेचो वास आवडणा नाय होतो. मी म्हणालंय, बरी नाय झाली. तो म्हणालो, असांदे, तुका कळता ता खरा."

हौसाबाईंनी ऐकून घेतलं. मग त्या वळल्या आणि काजूच्या बागेतून आपल्या घराकडे गेल्या. त्या दिवशी आम्ही तिघेही जेवलो नाही.

आम्ही निघण्याआधी भिकाजी आत गेले आणि ट्रंकेतून धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला एक पेला घेऊन आले. त्या बारांतला एक. बाकीचे अकरा परत भट्टीत गेले होते. हा त्यांनी का ठेवला ते त्यांना सांगता येईना. लाज वाटली म्हणून की मिरवायला, कोण जाणे. अनुजाने तो दोन्ही हातांनी घेतला, उजेडात धरून बघितला आणि पिशवीत ठेवला. भिकाजींनी दिलेले गुण तिने आकड्यांतून काढून टाकले. एका निवृत्त संगीतशिक्षिकेला आणि चार कॉलेजच्या मुलामुलींना तिने ते काम दिलं, असं नंतर कळलं.

महिनाभराने तिचा मला फोन आला. काकांना फोनवर ऐकू येत नाही, म्हणून मी त्यांच्याकडे जाऊन तिचं म्हणणं सांगावं, अशी तिची इच्छा होती. मी तिला स्पीकरवर ठेवून त्यांच्या पडवीत गेलो.

त्या पेल्याचा एक कण तपासून त्यात काय किती आहे ते तिच्या गटाने काढलं होतं. मग ते आकडे यंत्राला दिले होते. "सर, त्यात सोडा जास्त पडला होता आणि पोटॅश कमी," ती म्हणाली. "शिवाय काच घाईने थंड केली होती. नाद मध्येच मरतो तो त्यामुळे. आता आमच्या यंत्राने काढून दिलेल्या मिश्रणांतलं जे सगळ्यात चांगलं निघालं, ते त्याच घराण्यातलं आहे. सोडा निम्मा, जस्त थोडं वाढवलेलं. बाकी जवळजवळ तेच."

मी हे भिकाजींना ओरडून सांगितलं. सोडा, पोटॅश, सगळं. ते नीट लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी विचारलं, "अनुजाक इचारा, वागळ्यांक चार महिने गावले असते तर?"

मी विचारलं.

"सांगता येत नाही सर," ती म्हणाली. "त्यांच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. प्रत्येक बदल भट्टीत टाकूनच बघावा लागला असता. कदाचित चार महिने, कदाचित दोन वर्षं. कदाचित शेठनी मध्येच बंद केलं असतं. पण त्यांची दिशा बरोबर होती."

आयुष्यात मी हजारो मुलांना निकाल सांगितले. एवढं एक वाक्य मात्र ओरडून कसं सांगायचं? पण हळू सांगितलेलं त्यांना ऐकू येत नव्हतं. मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन सांगितलं, "दिशा बरोबर होती म्हणता ती!"

"परत सांगा."

मी परत सांगितलं. ते आढ्याकडे बघत बसले.

फोन ठेवण्याआधी अनुजाने आणखी एक विचारलं. त्या काचेची नोंद तिच्या गटाच्या आकड्यांत कायमची राहणार होती. कुठली, कोणत्या साली केली, कोणी केली, कोणी तपासली. नाव घालायला काकांची हरकत आहे का?

"वागळ्यांचा नाव घाल," भिकाजी म्हणाले. "करणारे ते. आणि नापास कोणी केल्यान थंय माझा घाल. पुरा घाल. भिकाजी सीताराम पाताडे."

तिने तसंच केलं. वागळ्यांचा शोधही तिने घेतला. ते दोन हजार अकरामध्ये वारले होते.

दरम्यान हौसाबाईंनी दिराच्या घरी येणं थांबवलं होतं. भांडण नाही, आरोप नाही. पूर्वी त्या दुपारी भाजीची वाटी झाकून आणत. आता ती वाटी शेजारची तन्वी आणून ठेवायची. भिकाजींनी वाटी कधी रिकामी परत पाठवली नाही. चार काजू, दोन रातांबे, काहीतरी असायचंच. तन्वी म्हणाली, हौसाकाकी ते काढून घेतात, पण काही बोलत नाहीत.

पितृपक्ष आला. भरणीला बाळाचा म्हाळ. अनुजा पुण्याहून आली होती. मीही गेलो. दरवर्षीप्रमाणे भिकाजी आंघोळ करून, सोवळं नेसून, दर्भाची अंगठी घेऊन भावाच्या घरी आले. भटजी पाटावर बसले होते. हौसाबाई स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. वड्यांच्या पिठाने हात माखलेले होते.

"यंदा पाणी अनुजा सोडतली," त्या म्हणाल्या. "तुमी बसा थंय."

भटजींनी वर पाहिलं. मुलीने बसायची रीत आहे की नाही, यावर ते बोलणार होते. पण हौसाबाईंच्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी पोथीचं पान उलटलं. भिकाजींना शब्द ऐकू गेले नसावेत. पण हाताने दाखवलेली भिंतीकडची जागा त्यांना दिसली. "बरा," ते म्हणाले. त्यांनी दर्भाची अंगठी काढून अनुजाच्या तळहातावर ठेवली आणि भिंतीला टेकून बसले.

पूजा झाली. पानं मांडली. वडे, काळ्या वाटाण्याचं सांबारं, खीर, पाच भाज्या. हौसाबाईंनी सगळ्यांना वाढलं, दिरालाही वाढलं, काही कमी केलं नाही. मला "मास्तरांनू, आणखी एक वडो घेवा" म्हणाल्या. भटजींनाही तसंच म्हणाल्या. भिकाजींच्या पानापाशी येऊन त्या क्षणभर थांबल्या आणि पुढे गेल्या.

जेवणानंतर अनुजा त्यांच्याजवळ बसली. त्या मिश्रणाचे पेले आता एका कारखान्यात भट्टीवर करून बघणार होते. पन्नास पेले. काच अजून जरा लवकर घट्ट होते, फुंकणाऱ्यांना घाई करावी लागते, ते सुधारायचं बाकी आहे. तिने काकांना चला म्हटलं. फुंकणाऱ्यांना चार गोष्टी सांगता येतील, त्याला कान लागत नाही.

"आणि मसाल्याची खोली बघशात," ती म्हणाली. "लाल काय नाय थंय."

भिकाजी तिच्या ओठांकडे बघत होते. समजलं ते सगळं.

"नको," ते म्हणाले. "माझ्यान बघवूचा नाय."

तिने जास्त आग्रह केला नाही. गेल्या महिन्यात ती एकटीच जाऊन आली. पन्नासांतले एकतीस पेले चांगले निघाले. त्यांतला एक आणू का, असं तिने मला विचारलं. मी भिकाजींना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, हौसाक विचारा. हौसाबाईंना विचारलं, तेव्हा त्या तांदूळ निवडत होत्या. निवडत राहिल्या. अनुजाला मी अजून काही कळवलेलं नाही.